जर्सी सिटीत घर शोधताना आधी चढ बघा

चिंचवडच्या एका ताईंनी विचारलं आहे. यजमानांची बदली न्यूयॉर्कला, लोअर मॅनहॅटनमधल्या ऑफिसात झाली आहे. बरोबर सात वर्षांचा मुलगा आहे, पुढच्या वर्षी सासूबाई सहा महिने येतील, त्यांचे गुडघे दुखतात. भाड्यासाठी महिना २८०० डॉलरच्या वर जाता येणार नाही. ओळखीतले काही जण म्हणतात, न्यू जर्सीतच पण लांब असलेल्या एडिसनलाच राहा, तिथे सगळे आपले आहेत. काही म्हणतात, मॅनहॅटनसमोर हडसन नदीच्या या काठावरची जर्सी सिटी घ्या, पण पाण्याकाठचीच, वरच्या बाजूला वस्ती चांगली नाही. ताईंचे शेवटचे दोन प्रश्न असे आहेत: जर्सी सिटी सुरक्षित आहे का, आणि आपली माणसं नेमकी कोणत्या भागात राहतात?

मी २३ वर्षं जर्सी सिटीत राहते आहे आणि त्यातली १७ वर्षं लोकांना भाड्याची आणि विकतची घरं मिळवून देण्याचं काम करते आहे. ताई, तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांना मी उत्तर देऊ शकत नाही. का देऊ शकत नाही, ते आधी सांगते.

१९६८ चा फेडरल फेअर हाउसिंग कायदा आणि न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदा, दोन्ही सांगतात की घर दाखवणाऱ्याने गिऱ्हाइकाचा वंश, धर्म किंवा मूळ देश बघून त्याला एका वस्तीकडे न्यायचं नाही आणि दुसरीपासून लांबही ठेवायचं नाही. आमच्या धंद्यात याला 'स्टिअरिंग' म्हणतात, आणि त्यापायी परवाना जाऊ शकतो. 'आपली माणसं कुठे आहेत' याचं उत्तर मी तुम्हाला बोट दाखवून दिलं, तर उद्या दुसऱ्या कुणी 'इंडियन नसलेला भाग दाखवा' म्हटल्यावर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

या शहरात हा प्रश्न हवेतला नाही. १९८७ साली इथे 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी होती. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. भारतीयांना शहरातून हुसकावून लावू, असं पत्र त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला लिहिलं, ते छापूनही आलं. फोनच्या डिरेक्टरीत पटेल आडनाव शोधून घरं हेरतो, असं त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तरुणाला जमावाने इतकं मारलं की काही दिवसांत तो गेला. त्याच सुमारास जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला बेशुद्ध होईपर्यंत मारहाण झाली. माझी पहिली घरमालकीण सुरतेकडची होती. त्या दिवसांत ती बाहेर पडताना दारातच चांदलो, म्हणजे कपाळाची टिकली, पुसायची आणि परत आली की आधी आरशासमोर जाऊन लावायची, असं ती सांगे. भारतीय लोक संघटित झाले, मोर्चे काढले, आणि १९९० मध्ये न्यू जर्सीने अशा द्वेषाच्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा केला. आज जर्नल स्क्वेअरजवळच्या न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर भाजीवाल्यांच्या, मिठाईच्या आणि साड्यांच्या दुकानांची जी रांग दिसते, ती त्या लोकांनी जागा न सोडल्यामुळे टिकलेली आहे.

म्हणून 'तिकडची वस्ती चांगली नाही' हे वाक्य माझ्याच गाडीत, माझ्याच भाषेत ऐकू आलं की मला वाईट वाटतं. २०२० च्या जनगणनेत जर्सी सिटीची लोकसंख्या २,९२,४४९ होती. गोरे, काळे, लॅटिनो आणि आशियाई या चारही मोठ्या गटांचा वाटा ढोबळमानाने पाव-पाव आहे. निम्म्याच्या वर कुणीच नाही. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती, फिलिपिनो नर्सा, पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकची कुटुंबं, तीन-तीन पिढ्या इथेच काढलेली कृष्णवर्णीय घरं, गुजराती दुकानदार, हे सगळे सकाळी एकाच बसथांब्यावर उभे असतात. बस चालवणारे, गोदामात खपणारे, हॉस्पिटलात रात्रपाळी करणारे लोक आहेत. समोरच्या नदीपलीकडचं मोठं शहर यांच्याच हातांवर चालतं.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही स्वतः करू शकता अशी गोष्ट सांगते. पोलिसांच्या नोंदी सगळ्यांना बघता येतात, त्या बघा. आवडलेल्या घरापाशी मंगळवारी रात्री नऊला जा आणि रविवारी सकाळी पुन्हा जा. स्टेशनपासून दारापर्यंत चालत या. इथे एका गल्लीतून दुसरीत गेलं की वातावरण बदलतं. अख्ख्या भागाबद्दल कुणी एका वाक्यात निकाल दिला, तर तो तिथे राहिलेला नाही असं समजा.

आता माझा मुख्य मुद्दा. जर्सी सिटीत घर शोधताना सगळे भाडं आणि स्टेशन बघतात. मी आधी चढ बघायला सांगते.

फोनवरचा नकाशा सपाट दिसतो, शहर तसं नाही. पूर्वेला हडसन नदी, पश्चिमेला हॅकनसॅक नदी, आणि मधून उत्तर-दक्षिण गेलेला पॅलिसेड्सचा खडक. द हाइट्स, जर्नल स्क्वेअर आणि दक्षिणेकडे ग्रीनव्हिलचा बराचसा भाग या पाठीवर आहे. पूर्वेच्या पायथ्याशी डाउनटाउन आहे: पॉलस हुक, एक्स्चेंज प्लेस, न्यूपोर्ट. या पायथ्याची बरीचशी जमीन भरणीची आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांनी दलदल आणि किनारा भरून यार्ड आणि धक्के बांधले. ज्यांनी मुंबईत २६ जुलै पाहिला आहे, त्यांना भरणीची जमीन म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

पाण्याकाठचे काचेचे टॉवर बघून हे विसरायला होतं. एक्स्चेंज प्लेसला नदीकडे तोंड करून एक मोठं अष्टकोनी घड्याळ उभं आहे, १९२४ चं, पन्नास फूट रुंद. ते कोलगेटच्या साबण-टूथपेस्टच्या कारखान्याचं. कारखाना १९८० च्या दशकात बंद झाला, घड्याळ राहिलं, कारखान्याच्या जागेवर बँकेचा टॉवर आला. मी लालबागची आहे, गिरणीच्या चिमणीशेजारी टॉवर उगवताना लहानपणापासून पाहिलेत, म्हणून त्या घड्याळापाशी मी दर वेळी थोडा वेळ थांबते. त्याच्या दक्षिणेला लिबर्टी स्टेट पार्क. आज मुलं पतंग उडवतात ती जागा पूर्वी रेल्वेचं यार्ड होती. तिथल्याच ब्लॅक टॉम धक्क्यावर ३० जुलै १९१६ च्या रात्री जर्मन हस्तकांनी दारूगोळा उडवला. त्या स्फोटाने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यालाही इजा झाली आणि तिच्या मशालीपर्यंत पर्यटकांना जाऊ देणं तेव्हापासून बंद आहे. मुलाला घेऊन जाल तेव्हा त्याला हे सांगा, त्याला मजा वाटेल.

चढाचा खरा हिशोब पावसात कळतो. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा हडसनचं पाणी डाउनटाउनच्या रस्त्यांवर चढलं, न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणाऱ्या पाथ रेल्वेच्या बोगद्यांत खारं पाणी शिरलं. रेल्वे पूर्ववत व्हायला महिने लागले. नवीन टॉवरमध्ये तिसाव्या मजल्यावर राहणारे लोक कोरडे होते, पण लिफ्ट आणि वीज नसल्याने अडकून पडले. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी वेगळाच धडा दिला: पाणी नदीतून आलं नाही, आकाशातून आलं. जर्सी सिटीत पावसाचं पाणी आणि सांडपाणी बऱ्याच भागांत एकाच नळातून जातं. एका तासात फार पाऊस झाला की तो नळ उलटा वाहतो, आणि सगळ्यात आधी तळघरात. त्या रात्री नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये जी माणसं दगावली, त्यांतली बहुतेक तळघरातल्या घरांत होती. म्हणून घर चढावर असलं तरी 'गार्डन लेव्हल', 'बेसमेंट', 'लोअर लेव्हल' असं कोणत्याही गोड नावाने तळघर दाखवलं तर सरळ नाही म्हणा. स्वस्त असतं, मला माहीत आहे. तरीही नको.

मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत बहुतेक घरमालकांना (अगदी छोट्या घरांना सूट आहे) घर पूररेषेत आहे का आणि पूर्वी तिथे पाणी आलं होतं का हे भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. तो कागद मागून घ्या. आणखी एक: इथे बहुतेक ठिकाणी भाडेकरूला विमा काढावा लागतो, पण त्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि फेडरल योजनेचा असेल तर साधारण ३० दिवसांनी लागू होतो. ढग दिसल्यावर फोन करून उपयोग नाही.

जमिनीबद्दल अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. विसाव्या शतकात हे शहर क्रोमियमच्या कारखान्यांचं मोठं केंद्र होतं, आणि त्या कारखान्यांचा उरलेला गाळ शहरभर भरणी म्हणून वापरला गेला. त्यातलं काही क्रोमियम कर्करोगकारक प्रकारचं होतं. गेल्या काही दशकांत बऱ्याच जागा उकरून साफ केल्या आहेत, काहींवर आता बागा आहेत. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला याची फार चिंता नको. पण अंगण असलेलं घर घेऊन मुलाला मातीत खेळू द्यायचं असेल, भाजी लावायची असेल, तर राज्याच्या पर्यावरण खात्याकडे त्या पत्त्याची नोंद बघा. मी स्वतः मेथी कुंडीत लावते.

आता रोजचा प्रवास. जर्नल स्क्वेअरहून पाथने वर्ल्ड ट्रेड सेंटर साधारण १२ ते १५ मिनिटांत येतं, डाउनटाउनच्या ग्रोव्ह स्ट्रीटहून त्याच्या निम्म्यात. पाथ रात्रभर चालते, रात्रपाळीवाल्यांसाठी हा मोठा आधार आहे. पण पाथ आणि न्यूयॉर्कचा सबवे यांचं तिकीट वेगळं आहे, एकातून दुसऱ्यात फुकट बदलता येत नाही. यजमानांचं ऑफिस वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून चालत असेल तर एका भाड्यात काम होईल. पुढे सबवे घ्यावा लागला की रोज चार तिकिटं. ग्रीनव्हिलहून निघालात तर आधी लाइट रेल (ट्रामसारखी हलकी रेल्वे), मग पाथ, मग सबवे, म्हणजे जाता-येता सहा. वर्षाचा हिशोब मांडला की स्वस्त भाड्यातला बराच फायदा त्यातच जातो. लाइट रेलला गेट नाही, पण चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात तिकिटावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. नवीन माणसं हमखास विसरतात आणि दंड भरतात. शिवाय मोठ्या रस्त्यांवर छोट्या खासगी बस धावतात, लोक त्यांना जिटनी म्हणतात. सुट्टे डॉलर हातात ठेवा, हात दाखवला की थांबतात.

हाइट्सवरून खाली उतरायचे रस्ते तीव्र उताराचे आहेत, बर्फात ते काय होतात ते मी गुडघा मोडून शिकले. सासूबाईंसाठी हे लक्षात ठेवा. हाइट्सच्या उत्तर टोकाला नाइन्थ स्ट्रीटच्या लाइट रेल स्टेशनवर खडकाच्या माथ्यावर नेणारी लिफ्ट आहे. वृद्ध माणसांना ती वरदान वाटते.

भाडेकरार हा सगळ्यात महत्त्वाचा विषय, आणि आपले लोक नेमकी त्याचीच घाई करतात. तुमच्या २८०० डॉलरमध्ये पाण्याकाठच्या टॉवरमध्ये दोन बेडरूम मिळणार नाहीत. चढावर दोन प्रकार मिळतील: जुन्या विटांच्या मोठ्या इमारतीतला फ्लॅट, किंवा दोन-तीन कुटुंबांच्या लाकडी घरातला एक मजला, ज्यात खाली मालक राहतो. दुसरा प्रकार दिसायला घरगुती असतो, मालकीण कधी डबाही आणून देते. पण कायद्याने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

न्यू जर्सीत १९७४ पासून कायदा असा आहे की लीज संपली एवढ्या कारणावरून भाडेकरूला काढता येत नाही, ठरावीक सबळ कारण लागतं. मालक स्वतः राहत असलेल्या आणि भाड्याचे जास्तीत जास्त दोन भाग असलेल्या घराला हा कायदा लागू नाही. जर्सी सिटीचं भाडेनियंत्रण पाच किंवा जास्त घरांच्या जुन्या इमारतींना लागू आहे. तिथे वर्षाला ४ टक्के किंवा महागाईचा दर, यांतलं जे कमी असेल तेवढीच वाढ करता येते. छोट्या घरात ही मर्यादा नाही. अनामत म्हणजे डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ते व्याजाच्या खात्यात ठेवावं लागतं आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशोबासह परत द्यावं लागतं. मालक राहत असलेल्या छोट्या घरात हा नियम आपोआप लागू होत नाही. भाडेकरूने तो लागू करावा अशी लेखी नोटीस मालकाला दिली, की ३० दिवसांनी लागू होतो. ही नोटीस देणारा भाडेकरू मी १७ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. तुम्ही द्या, गोड शब्दांत द्या, पण द्या.

अमेरिकेत तुमची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज आणि बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नसेल. त्यामुळे मालक कचरतात, आणि आपली माणसं घाबरून सहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून देऊ करतात. एका घरमालकाने माझ्या ओळखीच्या कुटुंबाकडून असेच पैसे घेतले आणि परत मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं. त्याऐवजी कंपनीचं नेमणूकपत्र, पगाराचा आकडा आणि भारतातल्या बँकेची स्टेटमेंट्स नीट फाइल करून न्या. समोर बसून सगळं दाखवलं की बरेच मालक तयार होतात.

घर बघताना खिडक्या आणि रेडिएटर (खोली तापवणारं यंत्र) बघा. १ ऑक्टोबर ते १ मे मालकाने उष्णता पुरवायची असेल, तर दिवसा किमान ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअस आणि रात्री ६५ फॅरनहाइट ठेवावंच लागतं. हीटिंगचं बिल कोण भरणार, हे लीजमध्ये स्पष्ट लिहून घ्या. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. भाड्याच्या घरांसाठी आता त्याची तपासणी सक्तीची आहे, तो दाखला मागा.

शाळेचं थोडक्यात: पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाचे कागद घेऊन गेलात की सरकारी शाळेत प्रवेश मिळतोच. तुमच्या मुलाचा संबंध नाही, पण धाकटं भावंड झालं तर तीन वर्षांपासून इथे सरकारी बालवर्ग फुकट आहेत. वर्गात पाच-सहा भाषांची मुलं असतात. तुमचा मुलगा आठवड्याभरात रुळेल, तुम्हाला जास्त वेळ लागेल.

कराचंही सांगून टाकते. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये काम केलं की न्यूयॉर्क राज्याचा कर भरावा लागतो आणि न्यू जर्सीच्या करात त्याचं श्रेय (क्रेडिट) मिळतं, म्हणजे विवरणपत्रं दोन. पण न्यूयॉर्क शहराचा वेगळा उत्पन्नकर, जो ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान आहे, तो फक्त तिथल्या रहिवाशांना आहे. नदीच्या या बाजूला राहण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आणि एडिसन? एडिसन वाईट नाही. तिथे मोठी घरं आहेत, गाडी लावायला जागा आहे, 'मराठी विश्व' या इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम असतील तिथे शेजारपाजारच्या गाडीत बसून जाता येतं. पण यजमानांचा जाण्या-येण्यात रोज जवळजवळ तीन तासांचा वेळ जाईल, आणि गाडी चालवता येईपर्यंत तुम्ही घरात अडकाल. पहिल्या वर्षी एकट्या घरात रडणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत. जर्सी सिटीत तुम्ही पहिल्या दिवसापासून चालत भाजी आणाल, मुलाला चालत शाळेत सोडाल, बसने लायब्ररीत जाल. सासूबाईंना बाकावर बसून गप्पा मारायला कुणीतरी भेटेल, भाषा कोणतीही असो.

तुमचं बजेट, ऑफिस आणि सासूबाईंचे गुडघे बघता मी चढावरच्या, पाथपासून दहा मिनिटांत चालत जाता येईल अशा, लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीतला फ्लॅट आधी शोधेन. इमारतीत पाच किंवा जास्त घरं असतील तर उत्तम. भारतातून व्हिडिओवर बघून लीजवर सही करू नका. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरत्या जागेत काढा, आणि यजमानांनी सकाळी आठ वाजता प्रत्येक घरापासून ऑफिसपर्यंत एकदा खरोखर जाऊन बघावं.

आणि घर बघून खाली उतरताना जिन्यात जो कुणी भेटेल, त्याला थांबवून तीन गोष्टी विचारा: आयडाच्या रात्री इथे पाणी आलं होतं का, थंडीत रेडिएटर किती वाजता तापतो, आणि मालक फोन उचलतो का.